पाय तसेच, पंगत राजाची

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

परवा रात्री तुझा मेसेज आला. मोबाइलवर एवढं लांबलचक कोणी लिहीत नाही. किती दिवस ते मनात साचलं असेल तुझ्या! फोन करावा असं आधी वाटलं, पण फोन वाजला की छातीत धडधड सुरू होते हे तूच लिहिलं आहेस. शिवाय हे दोन मिनिटांत बोलण्यासारखं नाही. म्हणून पत्र. सावकाश वाच, एका बैठकीत संपवलंच पाहिजे असं नाही.

लॅबमधला प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारलं. नाव जिभेवर होतं, पण पहिलं अक्षर सुटेना. मागे रांग, कोणीतरी घसा खाकरला, आणि त्या घाईत तू धाकट्या भावाचं नाव सांगून मोकळा झालास, कारण ते तुला सहज उच्चारता येतं. संध्याकाळी रिपोर्टवर भावाचं नाव बघून घरातले हसले. तूही हसलास. आणि रात्री मला लिहिलंस, "ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याचा देवाला काय उपयोग? मला माझीच किळस येते."

त्याआधी एक ओळ तू जाता जाता लिहून गेला आहेस. गेले काही महिने चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीचं तबक समोर आलं की तू भाकर न घेता ते पुढे सरकवतोस. मला त्या ओळीची जास्त काळजी वाटली.

पण आधी जिभेचं बोलू. मी आयुष्यभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलं, अडखळणारी मुलं पुष्कळ पाहिली. अडखळणं बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, मूल जोडून वाक्यं बोलायला लागतं त्याच सुमारास. बऱ्याच मुलांचं ते आपोआप जातं, काहींचं राहतं. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण अडखळतो, आणि त्यात बायकांपेक्षा पुरुष जास्त. घराण्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते. बोलण्याचे स्नायू कधी हलायचे, याचा मेंदूतला मेळ जरासा चुकतो, असं अभ्यासक सांगतात. भीतीने ते वाढतं, पण भीतीतून जन्मत नाही. तू भित्रा आहेस म्हणून अडखळत नाहीस. आईने लहानपणी रागावलं म्हणूनही नाही, आणि तिने वेखंड उगाळून मधातून चाटवलं ते कमी पडलं म्हणूनही नाही. हे आईला मुद्दाम सांग. ती अजून स्वतःला दोष देत असते, मला माहीत आहे.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली आहे का? उपासनेत आपण सगळे मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतो तेव्हा तू अडखळत नाहीस. गीत गातानाही नाही. मी तुझ्या मागच्याच बाकावर बसते, मला ऐकू येतं. जगभरच्या अडखळणाऱ्यांचा हाच अनुभव आहे: गाताना आणि इतरांबरोबर एका सुरात बोलताना शब्द मोकळे होतात. अडकतात ते एकट्याने बोलायचं असलं आणि समोरचा वाट बघत असला की. त्यातही स्वतःचं नाव हमखास अडतं, कारण त्याला पर्यायी शब्द नसतो. 'पाणी' अडलं तर तू 'जरा प्यायला दे' म्हणून वेळ मारून नेतोस. नावाच्या बदल्यात काय आणणार? म्हणून भावाचं नाव आलं. यात खोटेपणा नव्हता आणि मूर्खपणाही नव्हता.

शिवाय आपलं कोल्हापूर हे बोलणाऱ्यांचं गाव. कट्ट्यावर, चहाच्या गाडीवर, मिसळीच्या टेबलावर जो फाडफाड बोलतो आणि समोरच्याला तिथल्या तिथे उलटून टोला देतो, तो पोरगा भारी. जो थांबतो तो ढिला. तू अडकलास की मित्र "किक मार, किक मार" म्हणून ओरडतात असं तू लिहिलंस. ते जीव लावणारे मित्र आहेत हेही लिहिलंस, आणि मला ते पटतं. पण जीव लावणाऱ्यांचे शब्दसुद्धा रोज एकाच जागी लागले की तिथे घट्टा पडतो. बारा-पंधरा वर्षं तू स्वतःकडे त्यांच्या डोळ्यांनी बघत आला आहेस.

आता त्या प्रार्थनासभेबद्दल. पाहुण्या प्रचारकाने सगळ्यांसमोर तुझ्या डोक्यावर हात ठेवला, जीभ मोकळी हो म्हणून आज्ञा केली, लगेच माइक तुझ्या तोंडासमोर धरला, आणि तू अडखळलास तेव्हा "विश्वास कमी पडतोय, भाऊ" म्हणाला. हे वाचताना माझा हात थरथरला. बाळा, हे चुकीचं होतं. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसल्यावर शिष्यांनीही असाच हिशोब मांडला होता, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? प्रभूने तो हिशोबच फेटाळून लावला. योहानाच्या 9 व्या अध्यायात सुरुवातीलाच आहे, ह्याने पाप केलं नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. आणि मार्काच्या 7 व्या अध्यायातला तो बहिरा-तोतरा माणूस आठव. लोकांनी त्याला येशूकडे आणलं, गर्दी बघायला उभी होती. प्रभूने आधी काय केलं? त्याला गर्दीतून बाजूला, एकांतात नेलं. ज्याची जीभ अडते त्याला चारचौघांत उभं करायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर कर, मीही करते. पण तुझ्या बोलण्यावरून तुझा विश्वास मोजण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही.

यापुढचं जरा थांबून वाच, कारण इथे आपल्यातल्या पुष्कळ भाविक माणसांचा घोटाळा होतो. स्वतःला क्षुद्र मानणं म्हणजे नम्रता, असं आपल्याला वाटतं. साक्ष द्यायला उभं राहिलं की 'मी काहीच नाही, मी टाकाऊ आहे' असं म्हणायची सवय लागते, आणि ऐकणारेही मान डोलावतात. माझ्या मते ही नम्रता नव्हे. नम्र माणूस स्वतःला विसरून दुसऱ्याकडे बघू शकतो. तू मात्र दिवसभर स्वतःकडेच बघतो आहेस: आता कोणता शब्द येणार, तो अडेल का, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं. मी तुला बोल लावत नाही. हे किती थकवणारं आहे ते सांगते आहे.

पाप आणि न्यूनगंड यांतला फरकही बघ. पाप असेल तर त्याला नाव असतं. मी खोटं बोललो, मी अमक्याचे पैसे ठेवले, मी आईला लागेल असं बोललो. ते कबूल करता येतं, आणि योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन आहे की आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करायला विश्वासू आणि न्यायी आहे. म्हणजे त्या प्रकरणाला शेवट आहे. पण अडखळण्याची कबुली कशी देणार? तो अपराधच नाही, म्हणून त्याला क्षमा नाही, आणि म्हणून ती किळस कधी संपत नाही, गोल गोल फिरत राहते. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा बोट एका कृत्यावर ठेवतो आणि परत यायची वाटही दाखवतो. 'तू मुळातच असला' असं मोघम बोलून जो माणसाला खाली बसवतो, त्याला प्रकटीकरणाच्या 12 व्या अध्यायात 'आमच्या बंधूंना दोष देणारा' म्हटलं आहे. तो रात्रंदिवस दोष देतो असं तिथे लिहिलं आहे. तुझ्या रात्रींचं तू जे वर्णन केलंस ते वाचून मला तोच अध्याय आठवला.

आता मफीबोशेथाची गोष्ट. संडे स्कूलमध्ये तुम्हा पोरांना मी ती सांगितली होती, पण तेव्हा तुम्ही लहान होता आणि तुम्हाला दावीद आणि गल्याथच हवे असायचे.

दुसऱ्या शमुवेलाचा 4 था अध्याय काढ. शौल राजा आणि त्याचा मुलगा योनाथान, दावीदाचा जिवलग मित्र, लढाईत पडल्याची बातमी आली तेव्हा योनाथानाचा हा मुलगा पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. त्याची त्यात काही चूक? दाईची तरी म्हणावी का? ती बिचारी त्याचा जीव वाचवायला धावत होती. काही गोष्टी अशाच घडतात आणि आयुष्यभर अंगाला चिकटतात. पुढे दावीद राजा झाला. मफीबोशेथ लो-दबार नावाच्या आडबाजूच्या गावी दुसऱ्याच्या घरी राहत होता. जुन्या राजाचा नातू, म्हणजे नव्या राजाला नकोसा. आणि एक दिवस राजाचं बोलावणं आलं.

9 वा अध्याय हळू वाच. तो येऊन पालथा पडतो. दावीद त्याला नावाने हाक मारतो आणि पहिलंच सांगतो, भिऊ नकोस. तुझ्या आजोबाची सगळी जमीन तुला परत देतो, आणि तू नेहमी माझ्या मेजावर जेवशील. त्यावर हा काय म्हणतो? माझ्यासारख्या मेलेल्या कुत्र्याकडे आपण का बघावं? 'मला माझीच किळस येते' याचंच हे तीन हजार वर्षांपूर्वीचं रूप आहे, बाळा.

आणि दावीद त्याला उत्तरच देत नाही. 'असं म्हणू नये रे' नाही, समजूत नाही, कौतुक नाही. तो थेट सीबा नावाच्या चाकराला बोलावतो आणि जमिनीची व्यवस्था लावायला बसतो: तू, तुझी मुलं, तुझे नोकर, सगळ्यांनी हे शेत कसायचं आणि पीक आणून द्यायचं. मेलेला कुत्रा ही गोष्ट राजाच्या दरबारात चर्चेलासुद्धा घेतली जात नाही. मला या जागेचं फार बळ वाटतं. तू प्रार्थनेत गुडघे टेकून तासभर स्वतःला नावं ठेवतोस, आणि देव त्या यादीला उत्तर देत नाही म्हणून तुला वाटतं की त्याने ती मान्य केली. कदाचित तो तुझ्या नावावर जमीन करण्यात गुंतला असेल.

राजाने हे का केलं तेही तिथेच आहे. योनाथानासाठी. मफीबोशेथ हुशार होता म्हणून नाही, लढाईत कामाला येईल म्हणून तर नाहीच. दुसऱ्या कोणाशी केलेला करार त्याच्या पदरात पडला. आपली ख्रिस्ती श्रद्धा याहून वेगळं काय सांगते? पिता आपल्याला मेजावर बसवतो तो पुत्रासाठी. म्हणून तुझ्या 'देवाला काय उपयोग' या प्रश्नाला माझं उत्तर हे, की तुला बोलावलं ते उपयोगासाठी नव्हतंच. उपयोग पुढे होईल तेवढा होईल. जागा त्याआधीच दिलेली आहे.

या अध्यायाचं शेवटचं वाक्य बघ. तो राजाच्या मेजावर नित्य जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. अध्याय तिथेच संपतो. एवढी कृपा झाली, जमीन आली, मान आला, पण पाय तसेच. लिहिणाऱ्याला ते लपवावंसं वाटलं नाही. याच पुस्तकात चार अध्याय आधी, यरुशलेम घेतानाच्या प्रसंगात, आंधळ्यापांगळ्यांनी घरात येऊ नये अशी म्हण पडल्याचं लिहिलं आहे, तीही दावीदाच्याच संबंधात. आणि इथे त्याच राजाच्या पंगतीला एक पांगळा रोज राजपुत्रांच्या बरोबरीने बसतो. माणसाचं मन बदलायला एक मैत्री पुरली. देवाचं मन तर तुझ्याविषयी बदलावं लागणारच नाही.

तू रोज भाऊसिंगजी रोडने जातोस. त्याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं. ते आधी संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवल्याच्या रागातून त्यांना मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना मदत करून हॉटेल घालायला लावलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज स्वतः गाडी तिथे उभी करायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. विचार कर, गंगारामांनी त्या वेळी 'महाराज, माझ्या हातचा नको, मी त्या लायकीचा नाही' म्हणून कप मागे घेतला असता, तर ती नम्रता ठरली असती का? ज्यांनी त्यांना मारलं, त्यांचाच शब्द त्यांनी राजाच्या शब्दाहून मोठा केला असता. आपल्या कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांना हे जास्त कळायला हवं. 1852 साली रेव्ह. रॉयल वाइल्डर इथे आले, त्यांच्या मिशनने शाळा काढल्या. आपल्यातल्या कित्येक घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. त्यांच्या हातचं पाणी कोणाला चालत नव्हतं. त्यांच्यासमोर पहिल्यांदा प्रभुभोजनाचा प्याला आला असेल तेव्हा त्यांनाही प्रश्न पडला असणार की हा नक्की आपल्यासाठीच का. त्यांनी तो घेतला. म्हणून आज तू त्या बाकावर बसतोस.

तू तबक पुढे सरकवतोस ते प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला 11 वा अध्याय मनात धरून, असं मला वाटतं. 'अयोग्य प्रकारे' खाणाऱ्याला दिलेली ती ताकीद आपल्याकडे दर वेळी वाचली जाते, आणि तुझ्यासारखी हळवी मुलं ती आपल्यावर ओढवून घेतात. पण वरच्या ओळी वाच. पौल रागावलाय कोणावर? खातेपिते लोक आधी येऊन पोटभर जेवायचे, आणि ज्यांच्याजवळ काही नाही ती माणसं उपाशी राहून खाली मान घालून बसायची. पौलाने ओरडा केला तो पहिल्यांना. खाली मान घातलेल्यांना नाही. तू ज्या ताकिदीने स्वतःला उठवून बाहेर काढतोस, ती तुझ्यासारख्याला पंगतीत घेतलं जावं म्हणूनच लिहिली गेली होती. परीक्षा कर जरूर. काही कबूल करायचं असेल तर शनिवारी रात्री कर. पण मग भाकर घे.

मोशेचं तुला पाठच असेल, म्हणून थोडक्यात सांगते. मी मुखाचा जड आणि जिभेचा जड आहे, असं तो निर्गमाच्या 4 थ्या अध्यायात देवाला सांगतो. देव विचारतो, माणसाचं तोंड कोणी केलं? आणि मग जीभ सुधारून देत नाही. बरोबर त्याचा भाऊ अहरोन देतो. पुढे बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं जवळपास अख्खं पुस्तक म्हणजे मोशेची भाषणं, आणि मधे कुठेही त्याची जीभ बरी झाल्याचा उल्लेख नाही. पौलाविषयीही करिंथचे लोक म्हणायचे की पत्रं वजनदार, पण समोर आला की माणूस अशक्त आणि भाषण टाकाऊ. हे आपल्याला माहीत आहे ते पौलाने स्वतः लिहून ठेवलं म्हणून. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. काटा काय होता ते त्याने सांगितलं नाही. बरंच झालं, प्रत्येकाला आपला काटा तिथे ठेवता येतो.

आता करायच्या गोष्टी. पहिली, स्पीच थेरपिस्टकडे जा. विश्वास कमी पडला म्हणून जायचं असं नाही. चष्मा लावतोस ना, तसंच. पूर्ण बरं करून देतो अशी हमी देणाऱ्याकडे मात्र जाऊ नकोस. चांगला थेरपिस्ट तुला शब्द हलका सुरू करायला शिकवेल, अडकल्यावर जोर न लावता पुन्हा घ्यायला शिकवेल. पावसाळ्यात फुगलेल्या दाराला धक्के मारले की ते आणखी घट्ट बसतं, तुझं 'किक मारणं' तसंच आहे. आणि शब्द बदलून पळवाट काढायची सवय तो हळूहळू सोडायला लावेल, कारण दर पळवाटेनंतर तो शब्द आणखी मोठा होऊन बसतो. दि इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणून अडखळणाऱ्यांचीच संस्था आहे, त्यांचे स्वमदत गट असतात. आपल्यासारख्याच माणसांत बसून बोलणं ही मोठी गोष्ट आहे. तू आजवर दुसरा अडखळणारा माणूस भेटला नाहीस, म्हणून तुला वाटतं की तू एकटाच आहेस.

दुसरी, लोकांना आधीच सांगून टाक. "मी अडखळतो, मला थोडा वेळ लागेल." एवढं एक वाक्य. मुलाखतीत, बँकेत, मुलगी बघायला गेल्यावर, कुठेही. ते वाक्यही अडखळत आलं तरी चालेल, उलट समोरच्याला लगेच कळेल. लपवण्यात तुझी जेवढी ताकद जाते, तेवढी अडखळण्यात जात नाही.

आणि रात्री. 'कधी कधी वाटतं नसतोच तर बरं' असं तू लिहिलं आहेस. हे वाचून मी पुढे गेले असं समजू नकोस. एलीयासारखा संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणाला होता, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवला, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर. तेव्हा तो विचार आला की एकट्याने प्रार्थना करत बसू नकोस. आईला उठव, नाहीतर मला मेसेज कर, रात्रीचे कितीही वाजू देत. 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, कधीही लागतो, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. तिथे अडखळणाऱ्याला कोणी घाई करणार नाही. आणि हा विचार वारंवार येत असेल तर मनाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी बरोबर येईन.

नावाबद्दल एकच सांगते. यशयाच्या 43 व्या अध्यायात देव म्हणतो, मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस. तुझ्या तोंडून नाव बाहेर पडायच्या कितीतरी आधी ते त्याच्या तोंडी आहे. काउंटरवर ते अडलं तर अडू दे. ते गेलेलं नाही.

शेवटची एक विनंती, आणि तिला नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. पुढच्या महिन्यात एका रविवारी शास्त्रवाचन तू करावंस असं मला वाटतं. उतारा तू निवड, लहान निवड. पाळकसाहेबांशी मी बोलले, तुझ्या मेसेजमधलं काहीही न सांगता, फक्त वाचनाबद्दल. त्यांना आनंदच आहे. त्यांना एवढं मात्र बजावलं आहे की वाचताना कोणी अडलं तर मंडळीतल्या कोणीही पुढचा शब्द पुरवायचा नाही, पंधरा सेकंद लागोत नाहीतर मिनिट. एकट्याने नको वाटलं तर आपण दोघं मिळून वाचू, एक ओळ तू, एक मी, किंवा सगळंच एका सुरात. घरी आधी मोठ्याने वाचून बघ, आईला समोर बसव. कोणता रविवार ते ठरवून शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे पाळकसाहेबांना यादी करता येईल.

आईला सलाम सांग, आणि धाकट्याला सांग की त्याच्या नावाचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मला बरं वाटलं.

तुझी,
मावशी